तळमजला विचारू नकोस

चोंगचिंग, मंगळवार

ताई,

पोचलो. इथे पत्ता शोधताना तळमजला कुठला, हे विचारण्यात अर्थ नाही. यांग्त्से आणि च्यालिंग या दोन नद्यांच्या बेचक्यात डोंगर, आणि त्या डोंगरावर शहर चढवलंय. रस्त्यावरून सरळ इमारतीत शिरावं, मागच्या दाराने बाहेर पडावं, तर समोर भलताच रस्ता आणि पायाखाली दहा मजले.

लिझिबाला मोनोरेल १९ मजली इमारतीच्या पोटातून जाते, ते रीलमध्ये तू पाहिलंच असशील. खालची जत्रा मात्र बघण्यासारखी. रस्त्यापलीकडे बघ्यांसाठी ऐसपैस कट्टा बांधलाय, तिथे माणसं आ वासून उभी. फोटोत गाडी तोंडात शिरताना दिसावी म्हणून! गाडीच्या वरच्या मजल्यांवर लोक राहतात, त्यांना या कशाचं काही नाही.

रात्री हॉटपॉट. लाल तेलात तरंगणारे दाणे आपल्या तिरफळाच्याच जातकुळीतले. मालवणी आमटीत पाच-सात पडतात, इथे मूठभर. ओठ जागेवर आहेत की नाहीत, चाचपून बघावं लागलं.

गुरुवार

ताई,

शिबाती ही पायऱ्यांवरची जुनी वस्ती. रहिवाशांना हलवलं, जुनी घरं गेली आणि २०२१ मध्ये तिथे जुन्या धाटणीची नवी वस्ती उघडली. दगडी पायऱ्या, कंदील, कॉफीची दुकानं, भाड्याच्या रेशमी पोशाखात फोटो काढून घेणाऱ्या मुली. देखणं आहे, नाही म्हणत नाही. पण अख्ख्या वस्तीत एक वाळत घातलेला कपडा दिसेल तर शपथ. याच भागात ५ जून १९४१ च्या रात्री जपानी विमानांच्या भीतीने बोगद्यात शिरलेली माणसं गुदमरून मेली. त्या काळात खणलेल्या इतर काही भुयारांत आता हॉटपॉट उकळतं. बाबांना सांग, चिनी जखमींवर उपचार करायला आलेले सोलापूरचे डॉ. कोटणीस येनानला जाण्याआधी, त्याच युद्धाच्या काळात, या शहरात थांबले होते.

जुनं शहर खरं तर बैशियांगच्यूच्या इमारतींत आहे. २४ मजले आणि लिफ्ट नाही. वेगवेगळ्या मजल्यांना वेगवेगळे रस्ते लागतात, म्हणून चालून गेलं म्हणे. जिन्यात कोबीचा आणि ओलीचा वास, दारांबाहेर चपला. एक म्हातारा हमाल बांबूच्या दोन टोकांना पाण्याचे खोके बांधून चढत होता. एकेकाळी असे बांबूवाले या शहरात हजारोंनी होते, आता तरुण कुणी त्यात येत नाही. त्याला ओलांडून पिवळ्या जाकिटातला पोरगा जेवणाची पिशवी घेऊन वर पळाला. ऑर्डर फोनवर, पैसे फोनवर, चढ मात्र दोघांनाही सारखाच. म्हातारा न थांबता चढला, पोरगा पुढच्या वळणावर धापा टाकत उभा.

शनिवार

ताई,

आज मुद्दाम पहाटे उठून मेट्रोच्या चार नंबरच्या लाइनवर गेलो. आसपासच्या खेड्यांतल्या बायाबापड्या पाठीवर बांबूच्या टोपल्या घेऊन शहरात भाजी विकायला येतात. आरशासारख्या फरशीवर लसणाच्या पातीची माती सांडते आणि टोपल्या विमानतळासारख्या तपासणीच्या पट्ट्यावरून सरकतात. कुणी हटकत नाही. डब्यात चढल्यावर त्या टोपल्या मध्ये ठेवून भाव ठरवत बसतात, कुणाची मेथीसारखी भाजी महाग, कुणाची स्वस्त, आवाज आपल्या दादर मार्केटचाच. सूटबुटातली पोरं कानात बोंडं घालून पाय आखडून घेतात.

बाजारात एका आजीकडून संत्री घेतली. हातात दांडीचा काटा, दांडीवर वजनाचा गोळा सरकवून नेमक्या जागी आणला, आणि गळ्यात क्यूआर कोडचं कार्ड. मी नोट पुढे केली तर तिने मान हलवली, सुटे कुठून आणणार? स्कॅन केल्यावर तिच्या खिशातला फोन मोठ्याने ओरडला, तेव्हाच पिशवी सोडली. वर एक संत्रं जास्त घातलं.

उद्या च्यंगदू. तीनेकशे किलोमीटर, रेल्वेने दीड तासाच्या आत नेतात म्हणे. सोबत ती संत्री आहेतच. बाबांचा खोकला कसा आहे ते कळव.

तुझा,
बाळू