सुंदर राहा आणि गप्प बस

डेल्फिन सेरिग. हे नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावर नसेल. फ्रेंच नटी, जन्म बैरुतचा, १९३२ सालचा. १९६१ साली ‘लास्ट इयर ॲट मारिएनबाद’ आला आणि ती एकदम मोठी झाली. उंची कपडे, गूढ चेहरा, ऐकत राहावा असा आवाज. तेवढ्यावर जन्म काढता आला असता.

पण बाई गप्प बसली नाही. १९७१ साली फ्रान्समध्ये गर्भपात हा गुन्हा होता. तेव्हा ३४३ बायकांनी एका साप्ताहिकात नावानिशी जाहीर केलं की, होय, आम्ही गर्भपात केलाय. त्यात सेरिगचं नाव होतं. १९७५ साली कायदा बदलला. त्याच वर्षी शांताल आकेरमनच्या ‘जान दिलमान’मध्ये ती तीन तासांहून जास्त वेळ पडद्यावर होती, बटाटे सोलत, भांडी घासत.

मला मात्र तिची वेगळीच गोष्ट सांगायचीय. ती हलका व्हिडिओ कॅमेरा वापरायला शिकली आणि फ्रेंच-अमेरिकन मिळून वीसहून जास्त नट्यांना प्रश्न विचारत फिरली. त्या फिल्मचं नाव ‘सुंदर राहा आणि गप्प बस’. १९८१ साली ती लोकांसमोर आली. प्रश्न साधे. तू पुरुष असतीस तर नट झाली असतीस का? दुसऱ्या बाईशी मैत्रीचा, मायेचा एखादा प्रसंग तुला कधी करायला मिळाला का? जेन फोंडा सांगते, तिला सुरुवातीला जबडा तोडून गाल आत बसवायचा सल्ला मिळाला होता. हे सगळं ती हसत सांगते. ऐकताना आपल्याला हसू येत नाही.

खरं सांगतो, ती फिल्म बघताना मला माझीच लाज वाटली. वीसेक वर्षं पत्रकारिता करतोय. बाई नगरसेविका असो, डॉक्टर असो की फौजदार, माझा पहिला प्रश्न ठरलेला: ‘घर सांभाळून हे सगळं कसं जमतं?’ कुठल्या पुरुषाला हा प्रश्न विचारल्याचं आठवत नाही. उत्तरं खोटी नव्हती हो. माझा प्रश्नच गप्प बसवणारा होता.

सेरिग १९९० साली गेली, वयाच्या ५८व्या वर्षी. २०२२ साली एका ब्रिटिश मासिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा ‘जान दिलमान’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. पहिल्या क्रमांकावर बाईने दिग्दर्शित केलेला सिनेमा तोवर कधीच आला नव्हता.

परवा एका सरपंच ताईंकडे गेलो होतो. वहीतला पहिला प्रश्न खोडला आणि विचारलं, ‘पाणी योजनेची फाइल नेमकी कुठे अडकलीय?’ शेजारी बसलेले त्यांचे मिस्टर सवयीने म्हणाले, ‘मी सांगतो.’

ताई म्हणाल्या, ‘थांबा हो. मला विचारलंय.’

आणि पाऊण तास बोलल्या. तारखांसकट.