नदी पुढे, सायकल मागे

जिममधली सायकल मी दीड वर्ष नेमानं चालवली. रोज दहा किलोमीटर. हिशेब केला तर एव्हाना पुण्याहून निघून कन्याकुमारी गाठून परत यायला हवं होतं. प्रत्यक्षात समोरच्या टीव्हीच्या पुढे एक इंचही सरकलो नव्हतो. त्यामुळे शनिवार-रविवारला चिकटून सोमवारची सुट्टी आली, तेव्हा ठरवलं की या वेळी खरोखरच कुठेतरी पोचायचं.

कुठे, यावर ऑफिसातल्या आमच्या तिघांच्या टोळीत कॅन्टीनमध्ये दोन दिवस खल झाला. एकाला कोकण हवं होतं. दुसऱ्याला, म्हणजे आमच्या टेस्टिंगवाल्या मित्राला, घाट चढायची खुमखुमी. मी म्हटलं, नदी धरू या. नदीच्या खोऱ्यात रस्ता फारसा चढत नाही, चार-पाच किलोमीटरवर गाव लागतं, गाव तिथं चहा, आणि चुकलंच तर नदी कुठल्या बाजूला आहे एवढं विचारलं की भागतं. वाईपासून कराडपर्यंत, कृष्णेच्या काठाकाठानं, तीन दिवस. पास!

माझं आणखी एक कारण होतं. ते मी कॅन्टीनमध्ये सांगितलं नाही.

माझी आजी लग्न होऊन ज्या घरात आली, ते घर धोम धरणाच्या पाण्याखाली आहे. सत्तरच्या दशकात धरणाचं काम झालं, पाणी चढलं आणि गाव उठून खाली कोरेगाव तालुक्यात, कालव्याच्या पट्ट्यात वसलं. नाव जुनंच, पाटी नवी. मे महिन्याच्या सुट्टीत मी गेलो तो कायम या नव्या गावात. जुनं मी पाहिलेलं नाही. उठून आल्यावर आजीनंही कधी पाहिलं नाही. मामा न्यायला तयार असायचा, तर म्हणायची, ‘‘पाणी काय बघायचं? हितं कालव्यात बी त्येच पाणी येतंय.’’ पण या वेळी फोनवर बेत सांगितला आणि ती जरा वेळ गप्पच झाली. मग म्हणाली, ‘‘तिकडनंच येणार हायस ना? मग बघून ये.’’

दिवस पहिला : वाई ते धोमचं पाणी

सायकली गाडीच्या कॅरिअरवर टाकून आम्ही शुक्रवारी रात्रीच वाईत मुक्कामाला आलो. हायवेवर सायकल दामटण्यात आणि खंबाटकीत ट्रकांचा धूर खाण्यात काही शौर्य नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं.

सकाळी साडेसहाला वाईचा घाट म्हणजे वेगळंच प्रकरण. डिसेंबरची थंडी, नदीवर धुक्याची साय, आणि पायऱ्यांवर दोन-चार माणसं. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ सालचं, गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं. दर्शन घेऊन तसेच निघू नका, मागे वळसा घाला. देवळाची मागची भिंत सरळ नाही, माशाच्या आकाराची निमुळती आहे. पूर आला की पाणी त्या टोकावर फुटतं आणि दोन बाजूंनी निघून जातं. आमचा टेस्टिंगवाला तिथं पाच मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘अडीचशे वर्षं प्रॉडक्शनमध्ये आहे आणि चालतंय!’’

वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, खाली नदीवर घडीव दगडांचा घाट. ‘स्वदेस’ (२००४) पाहिला असेल तर घाट लगेच ओळखाल. शाहरुखचं चरणपूर ते हेच. घाटावर एका छोट्या देवळीत टांगलेली भलीमोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतून आलेली ही पोर्तुगीज घंटा. चर्चमधून निघून कृष्णाकाठी वस्तीला आलेली.

पुढे धोम. गावात नृसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ आहे, आणि महादेवापुढचा नंदी बसलाय चक्क कासवाच्या पाठीवर. भोवती पाण्याचं कुंड. भरलं की कासव तरंगतंय असं वाटतं. तिथून धरणाकडे रस्ता चढू लागतो. जिममधल्या दीड वर्षाची परीक्षा इथं होते. मी काठावर पास.

आणि मग एकदम डावी-उजवी सगळीकडे पाणी. जोर गावाकडे जाणारा हा रस्ता जलाशयाच्या कडेकडेनं वळत जातो. एका बाजूला भाताची कापलेली खाचरं, दुसरीकडे निळंशार पाणी, समोर कमळगड. वाहतूक जवळपास नाहीच. एखादी एसटी, दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल, बस्स. जोर महाबळेश्वरच्या अगदी पायथ्याला आहे आणि वर डोक्यावर, जुन्या महाबळेश्वरात, कृष्णेचा उगम. जाऊन-येऊन दिवसभराचा पल्ला होतो. दोघं पुढे गेले. मी म्हटलं, मी इथं थांबतो.

काठावर मेंढ्या घेऊन एक बाबा बसले होते. त्यांना गावाचं नाव सांगितलं. त्यांनी काठी उचलून पाण्याकडे दाखवलं. ‘‘त्ये काय, तिकडं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की देवळाचा चौथरा उघडा पडतो. आत्ता काय दिसायचं न्हाय.’’ खरंच काही दिसत नव्हतं. पाणी, पाण्यात उलटा पडलेला डोंगर आणि दोन बगळे. मी मोबाइल काढला, चार-पाच फोटो घेतले. एखाद्या वॉलपेपरसारखे सुंदर आले. मला उगाचच वाईट वाटलं. एवढं सुंदर यायला नको होतं.

दिवस दुसरा : बारा मोटा आणि एक काटा

वाईतून पाचवडच्या रस्त्यानं निघालो. इथं खोरं रुंद होतं. ऊस, हळद, मधूनच गव्हाचा कोवळा पट्टा. हा साखर कारखान्यांच्या हंगामाचा काळ, त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर डुलत येतात. त्यांच्याशी ओव्हरटेकची स्पर्धा करू नका. बाजूला थांबा, हात करा, ड्रायव्हर हसून एक ऊस टाकतोसुद्धा. आम्हाला मिळाला.

महामार्गाला लागून थोडं अंतर सांभाळून काढलं की लिंबचा फाटा. गावाजवळच्या शेतांमध्ये लपलेली बारा मोटांची विहीर पाहिली नाही तर फेरी फुकट. शाहू महाराजांच्या काळातली, वीरूबाई भोसल्यांनी बांधलेली ही अष्टकोनी विहीर. एकाच वेळी बारा मोटा चालायच्या म्हणून हे नाव. खाली उतरत जावं तर विहिरीच्या पोटातच कमानी, नक्षीचे खांब आणि वर चक्क छोटासा महाल. बाहेर ऊन तापलं होतं, आत मात्र गारवा. बिनविजेचा एसी!

बाहेर आलो तर माझं मागचं चाक बसलेलं. बाभळीचा काटा. गावात सायकलचं दुकान सापडलं, दुकानदारानं पंक्चरही झटक्यात काढलं, पण त्याच्या पंपाचं तोंड माझ्या इंपोर्टेड व्हॉल्व्हला बसेना. बारा गिअर, डिस्क ब्रेक, आणि हवा भरता येईना! शेवटी मित्राच्या पिशवीतला छोटा हातपंप कामी आला. दुकानदार म्हणाला, ‘‘सायकल भारी हाय, पण गावात चालणारी न्हाय.’’

दुपारी साताऱ्याला वळसा घालून संगम माहुलीला पोचलो. इथं वेण्णा कृष्णेला मिळते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचं हे गाव. विश्वेश्वराच्या देवळापुढच्या पायऱ्यांवर बूट काढून पाय पाण्यात सोडले. शाहू महाराजांचा जीव वाचवणाऱ्या लाडक्या कुत्र्याची समाधीही माहुलीला आहे. घाटावर झोपलेली सध्याची कुत्री त्या मानानं फारच आरामात होती.

संध्याकाळी पाच वाजता आजीच्या दारात. ‘‘सायकलवरनं? येडा हायस का काय?’’ हे स्वागत. मग तिघांच्या अंगावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि चहा.

जेवणं झाल्यावर तिनंच विषय काढला. मी फोटो उघडले. मनात धाकधूक होती, कारण दाखवायला होतं काय? नुसतं पाणी. आजीनं चष्मा पुसला, फोन जवळ घेतला, लांब धरला. पहिला फोटो, दुसरा. तिसऱ्याला थांबली.

‘‘ह्यो कमळगड,’’ ती म्हणाली. ‘‘आमच्या दारातनं असाच दिसायचा. ह्याच बाजूनं.’’ आणि तिनं बोट ठेवलं. डोंगरावर नव्हे, डोंगराखालच्या पाण्यावर. ‘‘हितं दार. हितं चिंच. ही वाट नदीला जायाची.’’ बोट लागलं की फोटो मोठा व्हायचा, सरकायचा, आणि ती परत ‘‘हितं’’ म्हणून शोधायची. मी फोटो पुन्हा जागेवर आणून द्यायचो. असं बराच वेळ चाललं. मामा तर सोडाच, आमची टोळीही गप्प होती.

‘‘सामान बैलगाडीत भरलं तवा तुझी आई कडेवर हुती,’’ ती म्हणाली. ‘‘दोन दिस लागलं हितं यायला. तुमाला किती?’’

‘‘एक,’’ मी म्हणालो. त्यात अर्धा तास पंक्चरचा, हे सांगितलं नाही.

दिवस तिसरा : प्रीतिसंगम

निघताना आजीनं प्रत्येकाच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू कोंबले. एनर्जी बारची पाकिटं लाजून तळाशी गेली. रहिमतपूर, तारगाव, मसूर असा हा रस्ता, पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा. पुणे-मिरज रेल्वे याच गावांवरून जाते, त्यामुळे पाय बोलायला लागले तर स्टेशन फार लांब नसतं. वाटेत एका गुऱ्हाळावर थांबलो. कढईतून उतरलेली गरम काकवी द्रोणात ओतून मिळाली. त्यानंतर पाऊण तास कुणीच सायकलवर बसायला तयार नव्हतं.

कराडचं रेल्वे स्टेशन ओगलेवाडीला. एकेकाळी घरोघरी जळणारे प्रभाकर कंदील इथल्या ओगल्यांच्या काच कारखान्याचे. तिथून गावात शिरून प्रीतिसंगमावर. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भेटतात आणि मग वळून एकत्र पूर्वेला निघतात. दोघींचा उगम महाबळेश्वरात, आणि गळाभेट इतक्या लांब येऊन. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. त्यांच्या आत्मचरित्राचं नावही ‘कृष्णाकाठ’च. संध्याकाळी सगळं कराड इथं भेळ खायला येतं. आम्हीही खाल्ली, दोन-दोन प्लेट. समोरून वाहणाऱ्या पाण्याला समुद्र अजून खूप लांब होता. उगमापासून तिथपर्यंत सुमारे १,४०० किलोमीटर. आपण त्यातला इवलासा तुकडा चाललो.

मंगळवारी ऑफिसात पाय जिन्यावर वळेनात. जेवणाच्या सुट्टीत आजीचा फोन आला. तिचा फोन मामाच लावून देतो, आणि मुद्द्याचं बोलून ती लगेच ठेवते. ‘‘मे महिन्यात पाणी उतरतं म्हनलास न्हवं? तवा मला ने. सायकलवर न्हाय. गाडी आन.’’

मी त्याच दिवशी मे महिन्यातल्या दोन दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात लिहिलं : गावी जाणे.

तुम्ही निघताय?

कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात खोरं देखणं दिसतं, पण जलाशयाकडचे रस्ते निसरडे आणि धुक्यातले. मे महिन्यात दुपारी सायकल चालवणं हा स्वतःवरचा अत्याचार.

किती वेळ : नवखे असाल तर फक्त वाई-मेणवली-धोम आणि परत, एका सकाळीत होतं. दोन दिवस असतील तर माहुलीपर्यंत या. पूर्ण फेरीला तीन दिवस.

सोबत काय : दोन जास्तीच्या ट्यूब, स्वतःच्या व्हॉल्व्हला बसणारा हातपंप, मागचा लाल दिवा, दोन लिटर पाणी. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना दिवे असतीलच असं नाही, म्हणून अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा.

परतीला : कराडहून रेल्वे. सायकल सामानाच्या डब्यात बुक करावी लागते, तेव्हा स्टेशनवर वेळ राखून पोचा.

आणि हो : धरणाच्या पाण्यात उतरू नका. फोटो मात्र भरपूर काढा. कुणाच्या घराचा पत्ता त्यात असेल, सांगता येत नाही.