उंबऱ्याबाहेरचा यजमान

शिरूर नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. पुण्याकडे घोडनदीकाठचे एक, बीड जिल्ह्यात कासारांचे एक, अहमदपूरच्या वाटेवर ताजबंदाचे एक. परंतु बालाघाटाच्या पठारावर, घरणी नदीच्या परिसरात, काळ्याभोर जमिनीच्या संथ चढउतारांवर विसावलेले जे शिरूर अनंतपाळ, त्याचे एक वैशिष्ट्य मला नेहमी विचारात पाडते. हा मुलुख जागचा तसूभरही न हलता फार हिंडलेला आहे. निजामाच्या अमदानीत तो बिदर जिल्ह्यात मोडत असे. १९५६ साली राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली तेव्हा त्याचे दप्तर उस्मानाबादकडे आले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा निराळा झाला तसे ते लातूरकडे गेले. आणि १९९९ साली शिरूर अनंतपाळ स्वतःच तालुक्याचे ठाणे झाले. ज्यांनी बालपणी उर्दूतल्या वसुलीच्या पावत्या पाहिल्या आणि म्हातारपणी मराठी सातबाऱ्यासाठी नव्या तहसील कचेरीत अर्ज गुदरला, ती माणसे एकाच ओसरीवर बसून चार कचेऱ्यांची रयत होऊन गेली. आपण कोणत्या जिल्ह्याचे, हेच ज्यांच्या हयातीत इतक्या वेळा बदलले, त्यांना दाराशी आलेला मनुष्य कोणत्या जिल्ह्याचा याची फारशी मातब्बरी वाटत नाही.

या भूमीची वृत्ती जाणून घ्यायची असेल तर मार्गशीर्षातल्या अमावास्येला इकडे यावे. लातूर-उस्मानाबादकडे आणि सीमेपलीकडच्या बिदर-कलबुर्गी भागात हा सण फार उत्कटतेने साजरा होतो; इकडची माणसे त्याला यळवस म्हणतात. त्या दिवशी शिरूरच्या बाजारपेठेत भर दुपारी चिटपाखरू दिसत नाही. दुकानांच्या फळ्या लागलेल्या असतात, घरांना कुलपे असतात, आणि गाव सगळे शिवारात उतरलेले असते. थंडी अजून हाडांत असते, ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात, आणि त्या हिरव्या-करड्या विस्तारात जागोजाग कडब्याच्या पेंढ्यांच्या कोपी उभ्या राहिलेल्या दिसतात. कोपीत चुन्याने रंगवलेले पाच पांडव मांडलेले असतात. नव्या मडक्यातले आंबील कोणीतरी घरापासून डोक्यावर वाहून आणलेले असते. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून, लसूण-मिरचीचा ठेचा घालून केलेले ते आंबट, गार पेय उन्हात पहिल्या घोटालाच माणसाला ताजे करते. भज्जी नावाची जी भाजी त्या दिवशी रांधली जाते तिच्यात शिवारातले जे जे हिरवे आणि ओले त्या घटकेला हाताशी असेल ते सर्व पडते: हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे दाणे, वाल, वाटाणा, पालेभाज्या, चिंचेचा कोळ आणि वरून बेसन. तिच्याबरोबर उंडे, भाकरी, गव्हाची खीर. पूजा झाली की घरातला कर्ता पुरुष कानडी वळणाची आरोळी देत पिकातून आंबील शिंपडीत फिरतो, आणि मग पंगत बसते.

परंतु ही पंगत घरच्यांपुरती नसते, आणि मला जे सांगायचे आहे ते येथून सुरू होते. साकोळच्या बाजूला एका शेताच्या बांधावरून मी त्या दिवशी चाललो होतो. कोपीतून एक वृद्ध बाहेर आले, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून त्यांनी मला न्याहाळले आणि हाक घातली, "कुठं निघालाव पाव्हणं? आज यळवस हाय. तसंच जाऊ नगा." मी कोण, कोणाचा, कशासाठी आलो, यांतले काहीही त्यांनी विचारले नाही. त्यांच्या सुनेने पत्रावळ मांडली, नातवाने तांब्या भरून दिला, आणि ते स्वतः मात्र माझे जेवण होईपर्यंत कोपीबाहेर उन्हात उभे राहिले. कारण रस्त्याने आणखी कोणी चालले आहे की काय, यावर त्यांचे लक्ष होते. माझ्यामागून एक दूधवाला आला, मग मोटारसायकल बिघडलेले दोन तरुण आले. प्रत्येकाला तीच हाक, तोच आग्रह. अखेरीस स्वतः जेवायला बसताना ते कोपीच्या तोंडाशीच बसले, अर्धे आत आणि अर्धे बाहेर.

यजमान म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घर उभे राहते: दिवाणखाना, पाट, समई, आणि मधोमध सारे ऐश्वर्य घेऊन बसलेला घरधनी. यळवसीच्या दिवशी ते चित्र सर्वस्वी पालटते. ज्याच्याकडे वाडा आहे तोही वाड्याला कुलूप लावून कडब्याच्या आडोशाला येतो आणि ज्याच्याकडे पत्र्याची खोली आहे तोही येतो. वाड्यात त्यांच्यामध्ये जी पायरी असते ती शेतात उरत नाही. यजमान स्वतःच त्या दिवसापुरता घराबाहेर पडलेला, उघड्यावर बसलेला, एका अर्थी वाटसरू झालेला असतो; आणि म्हणूनच वाटसरूला हाक मारताना त्याच्या आवाजात उपकाराचा लवलेशही नसतो.

ही गोष्ट आयुष्यभर ज्यांनी आचरली असे एक महापुरुष महाराष्ट्रात होऊन गेले. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परिटाच्या घरी झाला. १९०५ साली त्यांनी घरदार सोडले, आणि पुढची पन्नास वर्षे ते गाडगेबाबा या नावाने महाराष्ट्रभर पायी हिंडले. अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, हातात खराटा, डोक्यावर किंवा हातात फुटके मडके, एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, एवढाच त्यांचा सरंजाम. गावात शिरले की आधी गाव झाडायचे, झाडून झाल्यावर कोणी दिली तर भाकरी घ्यायची, रात्री कीर्तन करायचे आणि पहाटे पुढच्या गावाची वाट धरायची, असा त्यांचा क्रम होता. इतका निःसंग फिरस्ता आणि इतका मोठा यजमान एकाच देहात नांदलेले मी दुसरे पाहिले नाहीत. पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा त्यांनी उभारली, कारण ज्यांना जातीमुळे कोठेच उतरू देत नसत त्यांनाही चंद्रभागेच्या काठी हक्काचे छप्पर हवे होते. देहू, आळंदी, नाशिक येथेही त्यांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. लोकांनी दिलेला पैसा लाखांनी आला आणि दगड-चुना-लाकूड होऊन अनोळखी माणसांच्या डोक्यावर गेला. चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली.

आणि या सर्व वास्तूंचे कर्ते कोठे निजत? झाडाखाली, झोपडीत, रस्त्याच्या कडेला. आपण बांधलेल्या धर्मशाळेत आपण राहायचे नाही, तिथले अन्न आपण खायचे नाही, आणि आपल्या आप्तांचा त्या मिळकतीवर कसलाही हक्क राहता कामा नये, हा त्यांचा दंडक होता. पुष्कळ चरित्रकार याला विरक्ती म्हणतात. ती विरक्ती होतीच. परंतु मला तिच्यात आणखी काही दिसते. धर्मशाळेच्या आत जो राहतो तो हळूहळू तिचा मालक होतो. त्याची खोली ठरते, त्याचे मर्जीतले लोक ठरतात, आणि उतारू त्याच्या मर्जीवर उतरू लागतो. मालक बाहेर झाडाखाली असला की आत येणाऱ्या कोणालाही दबून राहावे लागत नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच त्यांनी देह ठेवला. घरात मरण येणे त्यांच्या बाबतीत शक्यच नव्हते, कारण एकदा सोडलेले घर त्यांनी पुन्हा कधी केलेच नाही.

आमच्या या पठारावरच्या कितीतरी दिंड्या आषाढीला पंढरीची वाट चालत जातात, आणि त्या वाटेवरची गावे त्यांना पिठले-भाकरी घालतात, हे सर्वश्रुत आहे. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये रोज हजारो माणसे जात-धर्म न सांगता एका ओळीत बसून जेवतात, तेही आता सगळ्यांच्या परिचयाचे आहे. शिरूर अनंतपाळच्याच तालुक्यात उजेड नावाच्या गावी महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते. ज्या माणसाने सारा देश पालथा घातला त्याच्या नावाने पाळणे, मिठाईची दुकाने आणि कुस्तीचे फड लागावेत, ही गोष्ट मला फार मनोज्ञ वाटते.

परंतु थारा देण्याची खरी कसोटी सणासुदीला लागत नाही. ती लागली १९४८ साली. रझाकारांच्या जाचाला कंटाळून या सरहद्दीवरची कुटुंबेच्या कुटुंबे रातोरात बार्शी-सोलापूरकडे निघून गेली होती, आणि वाटेवरच्या अनोळखी गावांनी त्यांना आसरा दिला होता. सप्टेंबरातल्या पोलीस कारवाईनंतर फासा उलटा पडला. उस्मानाबाद, बिदर, गुलबर्गा आणि नांदेड या जिल्ह्यांतल्या मुसलमान कुटुंबांवर जो अनर्थ ओढवला त्याची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे मंडळ आले. त्यांच्या अहवालात अत्याचारांच्या नोंदींबरोबरच, आपला जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. त्या माणसांची नावे आपल्याकडे पाठ्यपुस्तकांत कधी आली नाहीत. ती यायला हवी होती. जमाव गल्लीत शिरलेला असताना उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहणे याहून मोठा पाहुणचार मला तरी ठाऊक नाही.

मग ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे आपापल्या घरांखाली गाडली गेली. दगड-मातीच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांचे अवजड माळवद, ही आमच्याकडची घर बांधण्याची पिढीजात रीत. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारे तेच माळवद निजलेल्यांच्या अंगावर आले. त्यानंतर कित्येक आठवडे गावेच्या गावे अंगणात, शेतात, पाल ठोकून राहिली आणि देशभरातून आलेल्या स्वयंसेवकांनी अन्न-वस्त्र वाटले. साऱ्या जगाचा पाहुणचार घेण्याची पाळी यजमानांवर आली होती.

भूकंपाने माळवदे गेली, आणि त्यांच्याबरोबर ओसरीही गेली, याचे दुःख मला सांगितल्यावाचून राहवत नाही. जुन्या घराची ओसरी घरात नसे आणि रस्त्यावरही नसे; रात्री-अपरात्री आलेला गोसावी, बैल थकलेला गाडीवान, मोट दुरुस्त करणारा कारागीर, कोणीही तिथे घोंगडी टाकावी आणि सकाळी उठून जावे, परवानगीची गरज नसे. नवी घरे सिमेंटची, सुरक्षित, हवेशीर आहेत, आणि ती तशीच असली पाहिजेत. ज्याने गाडलेली माणसे उपसली त्याच्यापुढे माळवदाचे गोडवे गाण्याचा मला अधिकार नाही. तरीही तालुका झाल्यापासून शिरूरला जे नवे बंगले उभे राहत आहेत त्यांच्या नकाशात दर्शनी बाजूला मोटारीसाठी जागा असते, लोखंडी फाटक असते, पण वाटसरूने टेकावे असा हातभर ओटा नसतो. तेवढा ओटा बांधायला दहा-वीस पोती सिमेंट लागत नाही, आणि भूकंपातही तो कोणाच्या अंगावर पडत नाही.

गाडगेबाबांच्या मिशनने मुंबईत दादरला धर्मशाळा चालवली आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी येणारे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. मराठवाड्यातून जाणारी माणसेही त्यांत असतात. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी पत्नीच्या आजारात तिथे मुक्काम केला होता. दोन एकर कोरडवाहू जमीन, त्यातली तूर विकून खर्च भागवलेला, आणि मुंबई त्याआधी कधी पाहिलेली नाही. शेजारी बिहारचे एक कुटुंब होते. एकमेकांची भाषा दोघांनाही धड येत नव्हती. तरी यांनी गावाहून नेलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी रोज त्या कुटुंबासाठीही थापल्या जात, आणि त्या कुटुंबातली बाई दवाखान्यात अडकली की यांच्या पत्नीपाशी तिचा नवरा बसत असे. सगळा तपशील सांगून झाल्यावर मी त्यांना विचारले की, एवढे सामान नेले होते ते परत आणायला त्रास झाला असेल.

"पीठ तर संपलंच होतं," ते म्हणाले. "तवा आन् परात तिथंच ठिवून आलाव. मागून कुणी येतंय, त्याला लागंल की."