प्रिय बॅटरी, पंपाचं तेवढं मागणार नाही

प्रिय बॅटरी,

आमच्या दापोली-श्रीवर्धनच्या पट्ट्यात तुझ्याबद्दल दोन मतं आहेत. सोलर पॅनेल विकणारे सांगतात, तू घरात आलीस की लाइट गेल्याचं कळणारसुद्धा नाही. म्हातारी माणसं विचारतात, लाइट जाते पावसात, तेव्हा ऊन कुठलं? म्हाताऱ्यांचा प्रश्न मला जास्त खरा वाटतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. खांब आडवे झाले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढे २०२४ मध्ये छपरावरच्या सोलरसाठी ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान, म्हणून छपरं भरू लागली. पण नुसतं ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की भर उन्हातही बंद पडतं, हे अनेकांना नंतर कळतं. ती फसवणूक नव्हे. तुटलेली तार जोडायला खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरची वीज लागू नये, म्हणून ते इन्व्हर्टर मुद्दाम तसे केलेले असतात. अंधारात घर चालवायचं तर तू हवीस, आणि सोबत हायब्रिड किंवा ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर.

तुझं माप मात्र छपराकडे बघून काढू नये, स्विचबोर्डाकडे बघून काढावं. तीसेक वॉटचे दोन बीएलडीसी पंखे, नऊ वॉटचे चार दिवे, राउटर: सगळे मिळून शंभराच्या जरा वर. आठ तासांना साधारण ८५० वॉट-तास. साडेबारा व्होल्टच्या आसपासची, १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी एवढं रात्रभर ओढते. तेच पंखे जुने, पंचाहत्तर वॉटचे असले की जवळपास निम्म्या वेळात तू गप्प. म्हणून आधी पंखे बदलावेत, मग तुला आणावं. दुकानात हे कोणी आपण होऊन सांगत नाही.

शिशाची ट्यूब्युलर बहीण तुझ्यापेक्षा स्वस्त. पण १५० अँपिअर-तासांचं लेबल असलं तरी टिकवायची तर निम्मीच वापरायची. वर डिस्टिल्ड वॉटर बघत राहायचं आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो म्हणून खोली हवेशीर ठेवायची. ज्याला हे जमतं त्याने खुशाल घ्यावी. माझ्या हातून पाणी वेळेवर पडणार नाही.

आता म्हाताऱ्यांच्या प्रश्नाकडे. ४०० वॉटचं पॅनेल कडक उन्हात दिवसाला दीडेक युनिट देतं, आषाढातल्या ढगांत त्याचा चौथा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. तेव्हा जून ते सप्टेंबर तू लाइटवरच भरलेली राहायला हवीस, आणि लाइट येणं लांबलंच तर पंखे बंद, दिवा एक. हे आधी ठरलेलं असलं की घरात भांडण होत नाही.

मिक्सर, इस्त्री, गीझर तुझ्या वाट्याला नाहीत. एक हॉर्सपॉवरचा पंप सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचतो, त्यालाही तुझ्यापासून लांबच ठेवतोय. लाइट असतानाच टाकी भरून घ्यायची सवय भारनियमनाने लावलेली आहेच. गणपतीत मखराच्या माळांसाठी मात्र थोडं जास्त मागेन. एलईडीच्या आहेत, तुला जड जाणार नाहीत.

तुझा,
एक घरमालक