माल्टा : मऊ दगडाचे बेट

नकाशात सिसिलीच्या दक्षिणेला बोट ठेवा. बोटाखाली जो ठिपका झाकला जाईल तोच माल्टा! लांबी अवघी २७ किलोमीटर. म्हणजे चर्चगेटहून लोकलने गोरेगावला जावे, एवढीच. पण या ठिपक्यावर पाहावयाचे इतके आहे, की आठवडाही अपुरा पडतो.

गंमत अशी, की इथले जवळजवळ सारे बांधकाम एकाच वस्तूचे. मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड! खाणीतून काढल्यावर तो करवतीने कापता येतो इतका मऊ. घरे त्याची, किल्ले त्याचे, देवालये त्याचीच.

राजधानी व्हॅलेटा. १५६५ साली तुर्कांचा मोठा वेढा उठला आणि पुढच्याच वर्षी सेंट जॉनच्या सरदारांचा प्रमुख ला व्हॅलेट याने या शहराचा पाया घातला. तिथल्या सेंट जॉन कॅथीड्रलमध्ये कॅराव्हॅज्जिओने १६०८ साली रंगविलेले संत जॉनच्या शिरच्छेदाचे भव्य चित्र आहे. त्याने सही केलेले हे एकच चित्र, आणि सही काढली आहे ती संताच्या रक्ताच्या ओघळात! पायांखाली रंगीत संगमरवराच्या शेकडो समाध्या. म्हणून टोकदार टाचांचे बूट घालून आत जाता येत नाही. भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

रस्त्यात कान उघडे ठेवा. लोक कट्टर कॅथॉलिक, पण देवाला म्हणतात 'अल्ला'! त्यांची भाषा अरबीची लेक, लिपी मात्र रोमन.

मोस्ता गावच्या चर्चचा घुमटही चुकवू नये. ९ एप्रिल १९४२ रोजी आत प्रार्थनेसाठी माणसे जमली असता घुमट फोडून जर्मन बाँब खाली पडला. पण फुटला नाही!

मात्र माल्टाचे खरे नवल जमिनीखाली आहे. १९०२ साली घरे बांधताना मजुरांना हाल साफ्लिएनीचे भुयार सापडले. पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी खडक कोरून केलेली ही दालने. हजारो मृतांचे विश्रांतिस्थान. छतावर गेरूच्या रंगातली वेलबुट्टी अजून दिसते. इथे दिवसाला अवघ्या ८० जणांना प्रवेश. कारण काय? तर आपला श्वास! श्वासातील वाफेने आणि वायूने तो रंग, तो दगड झिजतो. अजिंठ्याचेही दुखणे हेच नाही का? म्हणून तिकीट काही आठवडे, हंगामात काही महिने आधी काढावे. ऐन वेळी गेलेला बहुधा दारातूनच परततो.

रुसू नका. होडीने शेजारच्या गोझो बेटावर जा. तिथे जगान्तियाची देवालये आहेत. ती इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी. त्याच गोझोच्या किनाऱ्यावर, ड्वेय्राला, समुद्रात उभी एक प्रचंड दगडी कमान होती. हजारो चित्रांत ती झळकली. ८ मार्च २०१७ रोजी वादळी लाटांनी ती कोसळली. आता तिथे नुसते पाणी आहे.

लाटांना तिकीट लावता येत नाही, माणसांना येते. माल्टाच्या लोकांनी ते लावले, म्हणून आपल्या नातवंडांनाही ते भुयार दिसेल. तेव्हा दारावर कुणी थांबवले तर त्यांना नावे ठेवू नयेत. पाहुण्याने घर पाहावे, झिजवू नये!