सहानंतरचा ग्रुप

लिनक्समध्ये लॉगिनच्या दारात ‘पॅम’ बसलेलं असतं. त्याची एक फाइल आहे, ग्रुप डॉट कॉन्फ. ओळीत पाच रकाने: कुठल्या सेवेतून आलात, कुठल्या टर्मिनलवर, कोण तुम्ही, वाजले किती, आणि हे सगळं जुळलं तर जादा ग्रुप कुठले.

आमच्याकडे ट्रेनींना डिप्लॉयचा ग्रुप असाच मिळायचा, सोमवार ते शुक्रवार, ९ ते ६. एकदा रात्री दहाला एका ट्रेनीच्या नावाने डिप्लॉय झालं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये थेट ‘हॅकिंग’ हा शब्द आला, त्याच्या नावावर शेरा पडला. पोरगं रडकुंडीला आलं.

त्याने काहीच फोडलं नव्हतं. पावणेसहाला लॉगिन करून टीमक्स चालू ठेवलं, रात्री घरून त्यातच परत शिरला. पॅम वेळ बघतं ती लॉगिनच्या क्षणी. प्रोसेसला मिळालेले ग्रुप तिच्या पोरांकडे वारशाने जातात. सहा वाजले म्हणून कुणी ते काढून घेत नाही. त्या ग्रुपची सेटजीआयडी फाइल बनवून ठेवली तर दुसऱ्या रात्रीही दार उघडं, हे तर मॅन्युअलच बजावतं. (मॅन्युअल वाचतं कोण!)

मी ‘आयडी’ कमांड चालवून दाखवली. टीमक्समध्ये ग्रुप दिसतो, नव्या लॉगिनमध्ये नाही. “पण सहानंतर चालायलाच नको होतं ना?” सर म्हणाले. तसं त्या फाइलीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता डिप्लॉयची स्क्रिप्टच दर वेळी घड्याळ बघते. तो बदल एका दुपारी झाला. शेरा निघायला दोन आठवडे लागले.