आईचा उजवा डोळा

माझी आई कालकथित होऊन आता बरीच वर्षे झाली. तिचा चेहरा आठवायला लागले की आधी तिचा उजवा डोळा आठवतो. तो सतत पाझरायचा. वाकळ शिवताना ती मधेच थांबायची, पदराचं टोक नाकाजवळच्या कोपऱ्यात दाबायची आणि पुढचा टाका घालायची. सकाळी पापण्या चिकटलेल्या असत, त्या कोमट पाण्यानं सोडवायची. आम्हा भावंडांना त्यात काही वावगं वाटलं नाही. कुणाच्या गालावर तीळ असतो, तसं आईच्या डोळ्यात पाणी.

वडील कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची हमाली करायचे. आई लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून द्यायची. तिच्या सुईवर आमच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघाला आणि मी प्राथमिक शिक्षिका झाले.

१९९६ च्या फेब्रुवारीत तिच्या उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन एका मोफत शिबिरात झालं. त्या काळी शिबिरांचं पेवच फुटलं होतं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासूनचा. पण १९९४ मध्ये जागतिक बँकेचं कर्ज घेऊन मोतीबिंदूसाठी खास प्रकल्प सुरू झाला आणि निवडलेल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. त्यातून असंख्य म्हाताऱ्या माणसांना दिसू लागलं, हे मान्य केलंच पाहिजे. पैसे भरून ऑपरेशन करणं आमच्यासारख्यांना कुठं परवडणार होतं?

तपासणीला मोठी रांग होती. एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटं. बॅटरीचा उजेड टाकला, "पिकलाय" म्हणाले आणि चिठ्ठी दिली. डोळ्यातून पाणी येतं का, असं कुणी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. मी तिच्या शेजारीच उभी होते.

ऑपरेशन झालं. पट्टी सोडली तेव्हा माझ्या हाताकडं बघून ती म्हणाली, "बांगड्या हिरव्या हाईत व्हय गं?" मला रडूच आलं. तिसऱ्या दिवशी काळा चष्मा, थेंबाची बाटली आणि पुढं मिळायच्या जाड भिंगाच्या चष्म्याची चिठ्ठी घेऊन आम्ही घरी आलो.

चौथ्या रात्री डोळा ठणकायला लागला. सकाळी निरोप आला म्हणून मी जाऊन बघितलं, तर डोळा लाल होता. आईच म्हणाली, "टाकं घातल्यात म्हटल्यावर ठणकणारच की. तू जा शाळंला." आत्ती म्हणाली, उष्णता झाली असंल. शेजारी नुकतीच बाळंत झालेली पोर होती, तिच्या अंगावरचं दूध वाटीत आणलं आणि आत्तीनं दोन थेंब डोळ्यात सोडले. मी शिकलेली, पोरांना आरोग्याचे धडे शिकवणारी, तिथं उभी राहून बघत होते. आत्तीला मी दोष देत नाही. तिच्या परीनं तिनं मायाच केली. दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेची तपासणी होती, म्हणून मी आईकडं गेलेच नाही. ही गोष्ट अजून मला सोडत नाही.

तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा पापणी सुजून बंद झाली होती. बोटानं उघडली तर बुबुळाच्या आत, तळाशी, सायीसारखा पांढरा थर दिसला. तो पू होता. "बांगड्या दिसत्यात का?" विचारलं. ती गप्प राहिली.

मोठ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी तिच्यापुढं बोटं धरली, मग हात हलवला, शेवटी बॅटरी लावली. तिला फक्त उजेड कळत होता. त्यांनी डोळ्याच्या आत औषधाचं इंजेक्शन दिलं. ते आम्हांवर रागावले नाहीत. बाहेर बोलावून सांगितलं की जंतू डोळ्याच्या पोकळीत शिरलेत. पोटात घेतलेली गोळी किंवा वरून घातलेला थेंब तिथवर पुरेसा पोचत नाही. आतला गढूळ झालेला पारदर्शक गर काढायचं ऑपरेशन करता येईल, पण पुण्याला जावं लागेल. आम्ही पैशांची जुळवाजुळव करत राहिलो. चार दिवसांनी बॅटरीचा उजेडही तिला कळेना. पुण्याला जाण्याची गरजच उरली नाही.

पुढं तो डोळा हळूहळू आत ओढला गेला. एका डोळ्यानं जगणं म्हणजे अर्धं दिसणं असं मला वाटायचं. तसं नसतं. अंतर कळत नाही. चहा ओतताना धार कपाच्या बाहेर पडायची. जिन्याची शेवटची पायरी चुकायची. आणि सुईत दोरा ओवता येईना. मग माझी मुलगी सकाळी शाळेत जाण्यापूर्वी आजीला दहा-बारा सुया ओवून एका चिंधीला टोचून ठेवायची. त्या संपल्या की त्या दिवसाचं काम बंद.

डाव्या डोळ्यालाही मोतीबिंदू होता, पण ती ऑपरेशनचं नाव काढू देईना. १९९९ मध्ये ताटातला भातही दिसेनासा झाला, तेव्हा कशीबशी तयार झाली. या वेळचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी आधी दोन्ही डोळ्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यांवर बोटानं दाबलं. उजवीकडून पू आला! "किती वर्षं पाणी येतंय?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "पोरं ल्हान हुती तवापास्नं."

तेव्हा कळलं. आसवं डोळ्यातून नाकात उतरायला बारीक नळी असते. ती तुंबली की वरच्या पिशवीत आसवं साचतात आणि त्यात जंतू वाढतात. याला लासूर म्हणतात. लासूर असताना मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं तर ते जंतू जखमेतून आत जायचा धोका असतो. म्हणून आधी पिशवीचा बंदोबस्त करायचा आणि मगच मोतीबिंदूला हात लावायचा. मी विचारलं, "मग तो डोळा यानंच गेला का?" ते म्हणाले, "छातीठोक सांगता येणार नाही. पण हे आधी बघायला हवं होतं." त्यांनी उजवीकडची पिशवी काढून टाकली, जखम पूर्ण भरू दिली आणि मग डावा डोळा केला. त्या डोळ्यानं आई शेवटपर्यंत बघत होती.

पुढं मी या विषयावरचं जे हाती लागेल ते वाचत गेले. ऑपरेशननंतर एकट्या-दुकट्याचा डोळा पिकला तर जंतू बहुधा त्याच्याच पापणीवरचे, कातडीवरचे असतात. पण एकाच दिवशी एकाच टेबलावर अनेकांचे डोळे पिकले तर दोष हत्यारं, पाणी, औषधाचं द्रावण अशा सामायिक गोष्टीत शोधावा लागतो. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या महापालिका रुग्णालयात एकाच दिवशी ऑपरेशन झालेल्या सात जणांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग झाला आणि पाच जणांची त्या डोळ्याची दृष्टी गेली, असं वर्तमानपत्रांत आलं होतं. ती बातमी मी दोनदा वाचली. मुंबईच्या रुग्णालयातसुद्धा हे होऊ शकतं, तर शाळेच्या वर्गात भरलेल्या शिबिराचं काय सांगावं! आता गावात फक्त तपासणी करून ऑपरेशनला दवाखान्यात नेतात, ते बरं झालं.

भगिनींनो, भिऊन ऑपरेशन टाळावं असं मात्र मी कुणाला म्हणणार नाही. चांगल्या ठिकाणी हजारात एखाद्यालाच, किंवा त्याहूनही कमी जणांना, हा त्रास होतो. गेल्या वर्षी माझं स्वतःचं ऑपरेशन झालं. आधी नळीत पाणी सोडून ती मोकळी आहे का ते बघितलं. टेबलावर डोळ्यात आयोडीनचं तपकिरी औषध घालून काही मिनिटं थांबले. जंतू मारायला हे साधं, स्वस्त औषध फार मोलाचं आहे. शेवटी डोळ्याच्या आत जंतुनाशकाचं थोडं इंजेक्शन. युरोपात मोठा अभ्यास होऊन २००७ मध्ये त्याचा निकाल छापून आला. या इंजेक्शनानं धोका सुमारे पाच पटींनी कमी झाला होता. टाका एकही नाही. संध्याकाळी घरी.

दुसऱ्या रात्री दोन वाजता डोळा दुखायला लागला. हे म्हणाले, "सकाळी बघू की." मी मुलाला उठवलं आणि त्याच वेळी गाडी काढायला लावली. डोळ्यातला दाब वाढला होता, बाकी काही नव्हतं. झोपेतून उठून आलेल्या डॉक्टरीणबाईंना मी संकोचून म्हटलं, "उगीच त्रास दिला." त्या म्हणाल्या, "दुखणं वाढलं, लाली वाढली, दिसणं कमी झालं, तर सकाळची वाट बघायचीच नाही. मी हे प्रत्येकाला सांगते. येतात मात्र थोडे."

पुढच्या महिन्यात इचलकरंजीच्या माझ्या नणंदेचं ऑपरेशन ठरलंय. परवा फोनवर सहज विचारलं, "वन्सं, डोळ्यातनं पाणी येतं का हो?"

"येतं की, वारं लागलं म्हंजे. लई वर्सं झाली. त्यात काय?"

"डॉक्टरला सांगितलंय?"

"त्यास्नी काय सांगायचं त्यात?"

येत्या गुरुवारी मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाणार आहे.